मामाची मांडी

माझी वहिनी पेरू देशातली. गल्लीत यावर जे विनोद व्हायचे ते सगळे फळाचेच, आणि पहिल्या आठवड्यातच शिळे झाले. दादा बोटीवर होता. तिकडच्या एका बंदरातल्या खानावळीत ती कामाला होती, तिथे जमलं. पण ती बंदराची नव्हे. तिचा मुलूख वर डोंगरात, इतक्या उंचावर की झाड उगवत नाही, आणि घरोघरी क्वेचुआ बोलतात. तिथे बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवतात, पायांनी तुडवून पाणी काढतात, मग उन्हात वाळवतात. तिने आणलेली पिशवी पाहून आई म्हणाली, "वाळवण आमच्याकडेही असतं हो, पण आम्ही पाय नाही लावत." वहिनीला काही कळलं नाही, ती हसली. तेव्हा ती हसायची.

दादा वर्षातला बहुतेक काळ समुद्रावर. पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत तिच्या भाषेत बोलणारं एकच माणूस होतं, तिचं पोर. त्याला पाठीवर शालीत बांधून ती ओट्याशी उभी राहायची आणि अखंड बोलत असायची. पोरही तसंच काहीतरी उत्तर द्यायचं. मला त्यातलं अक्षर कळत नसे, पण घर भरल्यासारखं वाटायचं.

पोराचे केस तिने कापले नव्हते, वेणी घालायची. "मुलगी गोड आहे हो," असं कुणी म्हटलं की आईचं डोकं उठायचं. शेवटी आईने विषय काढला. तिसरं सरायच्या आत जावळ झालंच पाहिजे, चौथ्यात चालत नाही, आणि मूल मामाच्या मांडीवरच बसवायचं. मामा म्हणजे तिचा भाऊ, हे समजल्यावर वहिनीने आईला मिठीच मारली. त्यांच्याकडेही पहिले केस जो कापतो तो मुलाचा जन्मभराचा माणूस होतो. मेंढी देतो, अडीअडचणीला उभा राहतो. तिने भावालाच ठरवून ठेवलं होतं. सासू-सुनेचं एवढं एकमत मी पुन्हा पाहिलं नाही.

भावाला व्हिसा मिळाला नाही. पुन्हा अर्ज केला, तरी नाही.

"थांबा," वहिनी म्हणाली. "माझा भाऊ येणार."

आई थांबलीही असती, पण वर्ष थांबत नव्हतं. आणि मामा नसला तर आमच्या लोकांकडे तोडगा तयारच असतो, मानलेला मामा. खालच्या मजल्यावर नेरे गावाकडचे एक गृहस्थ राहायचे, मोठे दिलदार. "मी हाय ना मामा! तुमी कशाला टेन्शन घेता?" म्हणाले, आणि चांदीचं कडं घेऊन आले. त्यांच्यावर कसा रागावू? राग येतो तो आमच्या या सोयीचा. आम्हाला मांडी हवी होती, कुणाचीही चालली असती.

न्हाव्याने वस्तरा लावला तेव्हा पोर तिच्या भाषेत ओरडलं. वहिनी जागची हलली नाही. सगळं आटोपल्यावर ती शाल पसरून केस गोळा करू लागली. निदान ते तरी भावाकडे पाठवायचे होते.

"अगं, जावळ घरात ठेवत नाहीत," आई म्हणाली, अगदी प्रेमाने, आणि पुडी बांधून गाढी नदीत सोडून आली.

त्यानंतर वहिनी पोराशी मराठीत बोलू लागली, मोडकंतोडकं, कामापुरतं. आईला केवढं कौतुक! "बघ, रुळली." मला दिसत होतं, बाई आतून विझत चालली आहे, आणि मला काहीही करता येत नव्हतं. एकदा म्हटलं, "वहिनी, त्याच्याशी तुझ्या भाषेत बोल ना."

"कोणासाठी?" तिने विचारलं.

पोर शाळेत जायला लागलं. एका दुपारी फोन वाजला तो त्यानेच उचलला. थोडं ऐकलं आणि रिसीव्हर लांब धरला. "आई, कुणीतरी काहीतरीच बोलतंय."

वहिनीने फोन कानाला लावला. पलीकडे एक पुरुष बोलत होता, तिच्याच भाषेत. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग हळूच रिसीव्हर खाली ठेवला.

"कोण होतं गं?" पोराने विचारलं.

"राँग नंबर," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला बसली.