टोपीवरचा गारुडी

कुणी जीव लावून केलेल्या गोष्टीचं आपल्याला वाईट वाटलं, तर चुकतं कुणाचं? मला खरंच सांगता येत नाही.

गेल्या गुरुवारी इथे ड्रेस्डेनला माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. पास झाले! घरातली पहिली ग्रॅज्युएट मी... आणि आता डॉक्टर.

इथे एक पद्धत आहे. नवीन डॉक्टरसाठी लॅबमधले लोक गुपचूप पुठ्ठ्याची टोपी बनवतात आणि त्याच्या कामातल्या वस्तू तिच्यावर चिकटवतात. माझ्याआधी डॉक्टर झालेल्या झेबास्टियानच्या टोपीवर त्याने जाळलेली सर्किटं होती. त्यातलं एक मीच चिकटवलं होतं.

माझ्या टोपीवर हत्ती, ताजमहाल, करी मसाल्याचं पाकीट... आणि मधोमध पुंगीवाला गारुडी. चार वर्षं मी चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकत्यांवर काम केलं. त्यातलं काहीच नाही.

सगळे टाळ्या वाजवत होते. मीही हसले.

टोपी लॅबमधल्या कात्रीनने बनवली होती. व्हिसाच्या ऑफिसात सकाळभर माझ्यासोबत रांगेत उभी राहिलेली कात्रीन. गरम गोंदाने तिची दोन बोटं भाजली होती. "आवडली ना? त्या गारुड्यासाठी तीन दुकानं पालथी घातली मी!" मी म्हटलं, "हो, हो... खूप सुंदर."

तिला वंशवादी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग मला नेमकं काय खटकलं होतं?

रविवारी बाबांचा फोन आला. "काय डॉक्टरीणबाई! टोपीतला फोटो पाठव लगेच. मोठा करून भिंतीवर लावतो. वस्तीतल्या पोरींना दिसू दे, शिकलं की काय होतं ते."

मी फोटो उघडून बसले... पोरींना यात काय दिसणार होतं?

सोमवारी ड्रॉवरमधून माझी पहिली तडकलेली चकती काढली. ती तडकली त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. कात्रीनकडे ग्लू गन मागितली. तिने चकतीकडे पाहिलं, मग टोपीकडे. "हे मला कसं सुचलं नाही..." एवढंच म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती. मीही काही समजावलं नाही. समजावायला हवं होतं का? तेही कळत नाही.

गारुडी काढला आणि त्या जागी चकती लावली. टोपी तिनेच धरली होती. हत्ती राहू दिला, तो तिने हाताने कापला होता.

बाबांसाठी नवा फोटो काल भावाच्या मेलवर पाठवला.