शेषूभावजी आणि उजव्या खांद्यावरचा पदर

शेषूभावजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घालत होते. फोन पापनाशमच्या एका मंगल कार्यालयातून होता. मुहूर्त लागला, ताली, म्हणजे इकडचं मंगळसूत्र, बांधतानाचा फोटो भावजींनी काढला, मग ‘जरा टेकतो’ म्हणून खुर्चीवर बसले आणि तिथंच संपले. मुलीचे वडील फोनवर रडत होते. आमचे हे, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, तसेच गाडी काढून पापनाशमला निघाले. घरात मी एकटी उरले, आणि त्यानंतर पहिला फोन आला तो इथल्या फोटोग्राफी क्लबच्या अध्यक्षांचा. आवाज जड करून ते म्हणाले, शोकसभा क्लबच्या हॉलमध्ये करू, सगळी व्यवस्था मी बघतो. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं. मला राग आला, आणि तेराव्यापर्यंत त्या रागानंच मला उभं ठेवलं.

त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसावर लिहिताना गोड लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. तसं लिहिणाऱ्यांनी शोकसभेत पुष्कळ गोड बोलून घेतलं आहे, त्यामुळे माझ्या वाट्याला दुसरं काम आलं आहे.

मी मिरजेची. लग्न होऊन तंजावरला आले, राजवाड्यामागच्या गल्लीत. तिथं पिढ्यान् पिढ्या राहिलेली आमच्यासारखी मराठी घरं अजून आहेत. घरात मराठी बोलत, पण ती मिरजेची मराठी नव्हे. मध्येच तमिळ हेल, मध्येच आमच्या पोथीत असतात तसले शब्द. मी पहिल्या दिवशी काही बोलले तर शेषूभावजी माझ्या सासूबाईंना म्हणाले, वैनी रेडिओवरल्या बातम्यांसारखं बोलतात. मला हसू आवरेना. तेव्हा ते एका स्टुडिओत उमेदवारी करत होते. पुढं शेषगिरी या आपल्या पुऱ्या नावानं स्वतःचा स्टुडिओ काढला. लग्नं, बारशी, शाळांचे वर्गफोटो, पासपोर्टचे फोटो... पोटासाठी जे जे काढावं लागतं ते सगळं त्यांनी काढलं आणि कधी नाक मुरडलं नाही. पण त्यांचं खरं काम रविवारी असे. आमच्या गल्ल्यांतल्या मराठी घरांत जाऊन तिथल्या माणसांचे फोटो काढायचे, ज्या खोलीत माणूस सर्वांत जास्त बसतो त्या खोलीत. कुणी देवघरात, कुणी माडीवर, आमचे एक मामा तर विहिरीच्या कट्ट्यावर. हे कशासाठी, म्हणून विचारलं तर खांदे उडवायचे. लग्न त्यांनी केलं नाही. कॅमेऱ्यापुढं बायकोचा निभाव लागायचा नाही, असं आम्ही चिडवायचो आणि ते मान डोलवायचे.

आणि कॅमेरे तपासणं हा त्यांचा आणखी एक उद्योग. तंजावरपासून कुंभकोणमपर्यंत कुणीही जुना कॅमेरा किंवा लेन्स विकत घ्यायची म्हटली की आधी ती शेषूभावजींच्या हाती द्यायची. त्यांची तपासायची एकच रीत होती आणि ती रीत म्हणजे मी. माझ्या आईनं मला संक्रांतीची काळी चंद्रकळा दिली होती, नऊवारी. इकडे सणाला काळं नेसत नाहीत, पोंगलला मी ती नेसले की शेजारच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. भावजींना मात्र ती फार आवडे. कुठलाही कॅमेरा आला की वैनी चंद्रकळा नेसून, नथ घालून मागच्या पांढऱ्या भिंतीपाशी उभ्या! काळ्या कापडाच्या निऱ्या दिसतात की नुसता डांबराचा गोळा होतो, पांढरी भिंत पांढरी राहते का, नथीतला मोती न् मोती वेगळा येतो का, एवढ्यावर ते कॅमेऱ्याची पारख करत. तीच जागा, तोच सकाळचा उजेड, मान तेवढीच वळवलेली. हातातलं पीठ धुऊन मी किती वेळा उभी राहिले असेन कोण जाणे. मी कुरकुरले की म्हणत, “हालूं नका वैनी, कॅमेऱ्याची परीक्षा आहे, तुमची नव्हे.”

त्यांचा एक नियम होता. तपासणीचे फोटो कार्डात तसेच ठेवून कॅमेरा मालकाला परत द्यायचा, म्हणजे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. आपल्याकडे प्रत ठेवायची नाही. ज्याचा कॅमेरा त्याची तपासणी, असं त्यांचं म्हणणं. या सरळपणानंच त्यांचा घात केला.

अध्यक्षांनी एक महागडा कॅमेरा घ्यायचा ठरवला आणि तो तपासायला भावजींकडे आला. त्या दिवशी उजेड कसा पडला होता देव जाणे, पण फोटो काढल्यावर भावजी नेहमीसारखे लगेच दुसरा काढायला लागले नाहीत. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्याकडे बघत उभे राहिले. मग मला दाखवला. मी एवढी बरी दिसते हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. प्रत ठेवून घ्या की, असं मी म्हटलंसुद्धा. नियम म्हणजे नियम, म्हणून त्यांनी कॅमेरा कार्डासकट देऊन टाकला.

त्या वर्षी क्लबच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस अध्यक्षांच्या फोटोला मिळालं. नाव होतं ‘अग्रहारातील मामी’, म्हणजे ब्राह्मणआळीतली बाई. भावजी प्रदर्शनाहून घरी आले ते जेवले नाहीत. तो माझाच फोटो होता. अध्यक्षांनी दोन गोष्टी केल्या होत्या. रंग काढून फोटो काळा-पांढरा केला होता, म्हणजे काळी साडी कुणाला गडद तांबडी वाटावी. आणि ओळखू येऊ नये म्हणून आरशात दिसतो तसा उलटा केला होता. महाराष्ट्रात हे कुठल्याही शाळकरी पोरीनं पकडलं असतं, पदर उजव्या खांद्यावर आणि नथ उजव्या नाकपुडीत कशी? पण इथं गोष्ट वेगळी. इथल्या अय्यर, म्हणजे तमिळ ब्राह्मण, बायका नऊवारी नेसतात तेव्हा पदर उजव्याच खांद्यावर घेतात आणि नाक उजवीकडे टोचतात. त्यामुळे उलटा केलेला फोटो इथल्या माणसांना सुलटा दिसला. परीक्षकांनी तर वेषभूषेच्या अस्सलपणाचं कौतुक केलं.

भावजींनी तक्रार केली. समिती बसली. अध्यक्षांनी शांतपणे सांगितलं, फाइल बघा, तिच्यात माझ्याच कॅमेऱ्याचा नंबर आहे. ही बाई पापनाशमच्या अग्रहारातली आहे, मी स्वतः काढलेला फोटो आहे. आणि शेषगिरींच्या वहिनी मराठी ना? मराठी बायका पदर डावीकडे घेतात. ही त्यांची वहिनी असेलच कशी? समितीनं माना डोलावल्या. ज्या लबाडीनं चोरी केली तीच लबाडी त्याच्या साक्षीला उभी राहिली. हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मी येते हॉलमध्ये. चंद्रकळा नेसून त्या फोटोशेजारी उभी राहते. माझ्या डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खोक आहे, फोटोत ती उजव्या भुवईत असणार. एका मिनिटात निकाल लागेल.

भावजी माझ्यावर कधी चिडले नव्हते, तेव्हा चिडले. “वैनी, तुम्हांस त्या लोकांपुढं उभं करून, भुवई दाखवून मी बक्षीस मागणें? तसलं बक्षीस मज नको. मी असेतोवर तुम्ही त्या हॉलात पाय ठेवायचा नाही.” मी त्यांचा शब्द पाळला. आमच्या ह्यांनीही मला तेच सांगितलं.

शोकसभेत जो तो म्हणत होता की शेषगिरी मोठ्या मनाचे, कुणाचा राग धरला नाही. हे साफ खोटं आहे, आणि ते कुणी स्तुती म्हणून बोललं तरी मला ते खपत नाही. भावजींनी राग धरला, जिवापाड जपला. दर वर्षी ते स्वतःच्या कॅमेऱ्यातून माझा तोच फोटो काढायचे. तीच भिंत, तीच साडी, पदर डावीकडे, रंगांसकट. नाव द्यायचे ‘माझी वैनी’, आणि त्याच स्पर्धेला पाठवायचे. दर वर्षी तो परत यायचा. शेरा एकच, अध्यक्षांच्या गाजलेल्या छायाचित्राची नक्कल. स्वतःच्याच फोटोची नक्कल केल्याचा ठपका घेऊन तो माणूस जगला! बाकी रविवारचं काम मागे पडलं. गल्लीतली म्हातारी माणसं वाट बघत राहिली आणि हे भिंतीपाशी माझी मान वळवत बसले. मी एकदा म्हटलं, पुरे करा, सोडून द्या. ते म्हणाले, “त्यानं सोडलं तर मी सोडीन.” पुढच्या वर्षीही फोटो पाठवला. या वर्षीचा गेला तो त्यांच्या हातचा माझा शेवटचा फोटो.

शोकसभा रविवारी सकाळी होती. मी चंद्रकळा नेसले, नथ घातली. दिराच्या शोकसभेला कुणी नथ घालून जातं का? हे माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांनी चपला घातल्या. हॉलमध्ये शिरताच ‘अग्रहारातील मामी’ समोरच्या भिंतीवर, मोठ्या चौकटीत, आणि तिच्या खाली टेबलावर भावजींचा पासपोर्टएवढा फोटो हार घालून ठेवलेला. मी पहिल्या रांगेत बसले. पदर डोक्यावरून पुढं घेतला होता, त्यामुळे मागच्या लोकांचं लक्ष गेलं नाही. अध्यक्ष बराच वेळ बोलले. म्हणाले, आमच्यात एकदा छोटासा गैरसमज झाला होता, पण शेषगिरींनी मला मनापासून क्षमा केली होती, मला धाकट्या भावासारखे होते ते.

घरच्यांपैकी कुणी दोन शब्द बोलावे, असं म्हटल्यावर मी उठले. माईककडे गेले नाही. भिंतीपाशी गेले, चौकटीच्या शेजारी उभी राहिले, डोक्यावरचा पदर खाली घेऊन डाव्या खांद्यावर नीट बसवला आणि मान वळवली. ती किती वळवायची ते मला सांगायला कुणी नको होतं... इतकी वर्षं त्यांनीच ती वळवून घेतली होती.

अध्यक्ष पुढं होऊन तमिळमध्ये म्हणाले, अम्मा, ही वेळ नव्हे, माणूस गेलाय. मी तमिळमध्येच उत्तर दिलं, “माणूस गेलाय म्हणूनच आले. ते होते तोवर त्यांनी मला येऊ दिलं नाही.”

दुसऱ्या रांगेत समितीतल्या एका सदस्यांची बायको बसली होती, वयस्कर अय्यर बाई. ती उठून जवळ आली. आधी माझी भुवई बघितली, मग फोटोतली. माझ्या निऱ्या बघितल्या, फोटोतल्या बघितल्या. आपल्या नेसण्यात अशा निऱ्या येत नाहीत, हे तिनं नवऱ्याकडे वळून सांगितलं, आणि विचारलं की हे कळायला तुम्हांला माणूस मरावा लागला का? क्लबच्या सेक्रेटरींनी खिशातून फोन काढला, भिंतीवरच्या फोटोचा फोटो घेतला, तो उलटा केला आणि माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. मग तो फोन त्या रांगेतून मागच्या रांगेत गेला. अध्यक्ष खुर्चीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. मला त्यांची दया आली का, असं नंतर ह्यांनी विचारलं. नाही आली. मला फार बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची मला लाज वाटत नाही. लगेच वाईटही वाटलं, ते एवढ्याचसाठी की हे बघायला भावजी नव्हते.

सेक्रेटरी चौकट उतरवायला स्टूल आणू लागले. मी त्यांना थांबवलं. फोटो उतरवला की महिनाभरात लोक विसरतील, मला त्यांना विसरू द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, “राहू द्या तिथंच, असाच उलटा. फक्त खाली दोन नावं लिहा. काढला कुणी, आणि उलटा केला कुणी.”

अध्यक्ष आता अध्यक्ष नाहीत. त्यांचं नाव या लेखात छापता येणार नाही, असं संपादकांनी कळवलं, त्यांची अडचण मी समजू शकते. मी आता दर शुक्रवारी मंडईतून येताना पिशवी हातात घेऊनच क्लबच्या हॉलमध्ये जाते. तिथले लोक मला ओळखतात, कुणी खुर्ची पुढं करतं, मी बसत नाही. चौकटीखाली पितळेची पाटी बसवली आहे. वरच्या ओळीत भावजींचं नाव आहे. खालच्या ओळीवर बोटांचे डाग पडलेले असतात, बहुतेक लोक वाचताना हात लावत असावेत. मी पदराच्या टोकानं ती ओळ पुसते, अक्षर न् अक्षर वेगळं दिसेपर्यंत, आणि घरी येते.