सरकारची गौर

नांदूरघाटच्या छबुबाईचा आवाज वेशीपलीकडं जायचा. गावाला दवाखाना पाहिजे म्हणून तिनं बीडचे सुंदरराव वकील, निजामाच्या कौन्सिलातले मेंबर, यांना गाठलं अन् सरकारला लेखी सवाल करायला लावला. हैदराबादहून उर्दूत जवाब आला: "मामला जेरे-गौर है." म्हणजे विचार चालू आहे. छबुबाईला त्यातली गौर तेवढी कळली.

"गौरीला दवाखाना देतेत!" तिनं गावभर सांगितलं. बायांनी जागाही सारवून ठेवली.

चैत्रात गौर बसली, आखितीला उठली. डॉक्टर काही आला नाही. छबुबाई तणतणत बीडला गेली. खरा अर्थ सांगताना वकील हसून बेजार झाले.

"हसता कावून? दुसरा सवाल लिवा," ती कडाडली. "इचारा त्यास्नी, कोणत्या सालची गौर?"

वकिलांनी एक अक्षर न बदलता तेच लिहिलं.