माठाला एकच ओगराळं

अंधेरीतल्या छोट्याशा ऑफिसात मी नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा मी पहिल्यांदा एका मीटिंगमध्ये आपणहून बोललो. बोलण्याआधी हात वर केला. शाळेतली सवय. सगळे हसले. ऑफिस चालवणारे सर म्हणाले, "हात खाली घे रे आधी. बोल."

आमचं पायथॉन भाषेत लिहिलेलं एक सॉफ्टवेअर होतं, मच्छीमार सोसायट्यांसाठी. कुठल्या बोटीने किती बर्फ नेला, किती मासळी आणली, याच्या नोंदी त्यात व्हायच्या. ते चालायचं, पण आतून पार वाट लागलेली. बर्फाचा भाग, मासळीचा भाग, रिपोर्टचा भाग, जो तो थेट डेटाबेसमध्ये हात घालायचा. एका रकान्याचं नाव बदललं तरी भलत्याच ठिकाणी काहीतरी मोडायचं, आणि ते सोसायटीचा फोन आल्यावर कळायचं.

मी म्हणालो, "सर, आमच्या घरी पाण्याच्या माठात कुणी हात बुडवत नाही. एकच ओगराळं असतं, ज्याला पाणी हवं त्याने त्याच्यानेच घ्यायचं. आपणही डेटाबेसशी बोलणारा सगळा कोड एका जागी आणू. बाकीच्यांनी त्याच्याकडे मागायचं."

सरांनी थोडा विचार केला. "पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर असतात, सोसायट्या शांत. नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात जायच्या आत झालं तर झालं. नाहीतर जुनंच चालवायचं, आणि हा विषय परत काढायचा नाही."

माझ्या जोडीला त्यांनी एक सहकारी दिली. खारदांड्याच्या कोळीवाड्यातली, माझ्याहून थोडी मोठी. मी तिला "ताई, तुम्ही" म्हणायचो.

"ताई-बिई नको रे, म्हातारी वाटते मी," ती म्हणायची. नव्या फाईलला 'ओगराळं' हे नाव तिनेच दिलं.

ते दिवस आठवले की अजून अंगात वारं भरतं. रोज एकेक भाग डेटाबेसपासून सोडवायचा आणि ओगराळ्याशी जोडायचा. शंभर ओळींच्या जागी दहा उरल्या की मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून यायचो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. शाळेत संगणकाच्या खोलीला कायम कुलूप असायचं. गणिताच्या सरांनी हेडमास्तरांशी भांडून किल्ली मिळवली आणि आम्हाला आत बसवलं. कोड लिहिताना ते सर पुष्कळदा आठवायचे.

वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. फोनवर विचारायचे, "सध्या काय काम?"

"माठाला ओगराळं करतोय, बाबा."

"त्याला एवढं शिकावं लागतं होय?"

पौर्णिमा दोन दिवसांवर आली. माझ्या कोडच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या. मी सहकारिणीला बोलावून गेल्या हंगामाच्या खऱ्या नोंदी नव्या कोडमधून दाखवल्या. बोटींची यादी खाली सरकवता सरकवता ती थांबली.

"ही एकवीरा कुणाची रे? एकटीने अख्ख्या खारदांड्याचा बर्फ नेलाय."

जुना कोड बोट शोधताना नाव आणि मालक दोन्ही बघायचा. मला मालकाची अट फालतू वाटली होती, म्हणून साफसफाईत मी ती काढून टाकली होती. चाचण्यांसाठी बोटी मी मनानेच रचल्या होत्या, प्रत्येकीला वेगळं छान नाव देऊन. माझ्या गावापासून समुद्र पार लांब.

"दांड्यात एकवीरा म्हणून हाक मार," ती म्हणाली, "अर्धा किनारा वळून बघेल. सगळ्यांची आई ती. बोटीला तिचं नाव काय एकट्यानेच द्यायचं?"

दोन दिवसांत पुन्हा सगळं उसवायचं, म्हणजे विषय संपलाच.

"पण बदलायचंय किती ठिकाणी?" तिने विचारलं.

मी शोधलं. मग पुन्हा शोधलं, कारण विश्वास बसेना. बोट शोधायचं काम आता फक्त ओगराळ्यात होतं, एकाच फंक्शनमध्ये. नावाऐवजी बोटीचा रजिस्ट्रेशन नंबर वापरला आणि सगळ्या एकवीरा वेगळ्या झाल्या. मागवलेला चहा अजून गरम होता.

"झकास," ती म्हणाली. "आता तुझ्या खोट्या बोटींनाही एकच नाव दे."

दिलं. चाचण्या पुन्हा पास झाल्या.

पौर्णिमेला नारळ वाहिले गेले, बोटी गेल्या. पुढच्या आठवड्यात मासळीच्या पहिल्या नोंदी यायला लागल्या तेव्हा आम्ही तिघंही स्क्रीनसमोर उभे होतो. एकवीरा, एकवीरा, पुन्हा एकवीरा, प्रत्येकीची ओळ वेगळी.

"ती तिसरी ना, ती आमची," सहकारी म्हणाली.

"तुझी?" मी म्हणालो. तिने नुसतं हसून बघितलं.

सरांनी दोन-तीन रिपोर्ट काढून ताडून पाहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. जुना कोड काढून टाका."

मी हात वर केला.

"खाली घे रे. काय?"

"मीच काढू, सर? आत्ता लगेच?"