सोमनाथचं मत
डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला मेंढपाळांची वस्ती आहे आणि तिच्या बांधाला लागूनच माझं शेत. दिवाळी झाली की वस्तीतली निम्मीअधिक माणसं कळप घेऊन माळशेज उतरून कोकणात जायची. गेलेल्याच्या दाराची कडी बघायची, कुत्र्याला तुकडा टाकायचा आणि निवडणूक लागलीच तर त्याचं मतही घालायचं, ही मागं राहिलेल्यांची कामं. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं. शेजारधर्मच तो.

बानूबाईचा सोमनाथ मात्र मेंढरांमागं गेला नव्हता. बाप यमाजी वारल्यावर तो भिवंडीला कामाला म्हणून गेला, एकदा निरोप आला, नंतर तोही बंद झाला. बानूबाई सगळ्यांना सांगायची, "येतो की अधनंमधनं. मुक्कामाला ऱ्हात न्हाई इतकंच." तो येत नाही हे वस्तीला माहीत होतं. पण तिच्यासमोर कुणी बोललं नाही, एवढी अक्कल आमच्याकडं होती.

सोमनाथच्याच वयाचा कुंडलिक. त्याचं नाव यादीत कधी आलंच नव्हतं, म्हणून तो सोमनाथच्या नावानं मत घालायचा. मग बानूबाईच्या दारात थांबून सांगायचा, "मावशे, सोम्याचं घातलं बरं का." तिला काय वाटायचं कोण जाणे, पण त्या दिवशी त्याला गुळाचा चहा आणि वर शेवया मिळायच्या. पोरगं गावात येऊन गेल्यासारखी ती संध्याकाळपर्यंत हसतमुख असायची.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत निवडणूक लागली आणि जुन्नरहून एका संस्थेची निर्मलाताई दोन पोरींना घेऊन वस्तीवर आली. कुणी धाक घालू नये, कुणाचं मत दुसऱ्यानं घालू नये, हे बघायला. त्यांना कुणी थारा देईना. बानूबाईनं आपली पडवी सारवून दिली, तिघींना भाकरी-पिठलं घातलं, आणि त्यांच्याबरोबर दारोदार फिरून बायांना सांगू लागली, "आपलं मत आपुनच घालायचं. नवऱ्याला बी सांगायचं न्हाई."

लोक म्हणाले, बाई शहाणी झाली. मला तसं वाटत नाही. रिकाम्या घरात किती वर्षांनी कुणीतरी तिच्या हातचं जेवत होतं, झोपताना "मावशी, दिवा मालवू का" असं विचारत होतं. त्यासाठी तिनं काहीही केलं असतं. पण ‘आपलं मत आपुनच’ या हिशेबात सोमनाथचं मतही येतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

मतदानाच्या दिवशी शाळेत मी रांगेत होतो. आत कुंडलिकची चिठ्ठी वाचून नाव पुकारलं, सोमनाथ यमाजी. कुंडलिक नेहमीसारखा पुढं झाला. एका उमेदवाराच्या एजंटानं हरकत घेतली, हा सोमनाथ नव्हे. केंद्राध्यक्ष बाहेरगावचे. त्यांनी विचारलं, ओळखणारं कुणी आहे का? कुणीतरी म्हणालं, त्याची आईच बायकांच्या रांगेत आहे.

बानूबाईला पुढं बोलावलं. "बाई, हा तुमचा मुलगा का?"

कुंडलिक तिच्याकडं बघत होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दारात निर्मलाताई उभी होती.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्यो कुंडलिक."

"मग सोमनाथ कुठं आहे?"

तिनं पदर तोंडाला लावला. "ठावं न्हाई, सायब. लई वर्सं झाली. त्यो येतच न्हाई."

गावासमोर हे ती पहिल्यांदा बोलली. कुंडलिकला दम देऊन घालवलं. निर्मलाताईनं तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "मावशी, तुम्ही एक मत वाचवलंत." संध्याकाळच्या एसटीनं तिघी जुन्नरला गेल्या. काम खरंच चांगलं होतं त्यांचं, पण त्या वाक्याचा मला राग आला, तो आजही आहे.

पुढं तलाठ्याचा माणूस चौकशीला आला. यादीतून सोमनाथचं नाव निघालं आणि कुंडलिकचं लागलं. तेही निर्मलाताईनंच खटपट करून लावलं होतं.

लगेच पुढच्या वर्षी, दिवाळीच्या आधीच, पुन्हा निवडणूक आली. या खेपेला संस्थेचं कुणी फिरकलं नाही. कळप घरीच होते, ज्यानं त्यानं आपापलं मत घातलं. मी बांधावर उभा होतो. कुंडलिक बोटाची शाई मिरवत वस्तीकडं आला, तेव्हा बानूबाई दारातच बसली होती.

"झालं का रं?"

"झालं की, मावशे. माझंच, माझ्या नावानं."

"आन सोमाचं?"

कुंडलिक घोटाळला. "मावशे, त्याचं नाव काढलं न्हवं का."

"व्हय, व्हय. इसरलेच मी."

चुलीवर चहा ठेवला होता. तिनं त्याला आत बोलावलं नाही आणि तोही थांबला नाही. सोमनाथ अधनंमधनं येतो, असं तिनं त्यानंतर कुणालाच सांगितलं नाही.