पितळेच्या नळीचा गळा

चूक माझी होती, आणि ती कळल्यावरही मी सहा वर्षं तोंड उघडलं नाही. त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

१९८०च्या सुमारास मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. हृदयाची रक्तवाहिनी आतून अरुंद झाली की रक्ताचा दाब किती उतरतो, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. रक्ताऐवजी ग्लिसरीन मिसळलेलं पाणी आणि रक्तवाहिनीऐवजी पितळेची नळी, मध्ये गळा आवळलेली. मी कागदावर काढून दिलेल्या मापाने ती बाजारातल्या भांडी घडवणाऱ्या एका वयस्क कारागिराने करून दिली होती. जिल्ह्यातल्या शाळांच्या प्रयोगशाळांची बारीकसारीक कामंही त्याच्याकडेच असत.

सूत्र सांगे त्याच्या जवळजवळ दुप्पट दाब उतरू लागला. महिनाभर तेच. शेवटी नळी घेऊन मी भर बाजारात त्याच्या दुकानावर गेलो.

"गळा जास्त आवळलास. माझा महिना वाया घालवलास!"

"तुमच्या कागदापरमाणंच केलो, सर. तीनदा मोजलो. तुमचं गणित एकडाव पाहून घ्या ना."

"गणित तू शिकवणार मला? लोटे ठोक, लोटे!"

गिऱ्हाइकं हसली. शेजारचा दुकानदार म्हणाला, "घ्या! मास्तरलेच शिकवून राहिला हा." मला ते हसणं आवडलं. एवढ्यावर भागलं नाही. ओळखीच्या शिक्षकांना मी सांगत सुटलो, या माणसाच्या हाताला माप नाही. शाळांची कामं बंद झाली.

मग त्याची चूक पुराव्यानिशी दाखवायची म्हणून मी करवतीने नळी उभी चिरली. कॅलिपर लावून माप घेतलं. गळा कागदावर होता तेवढाच, केसाचाही फरक नाही. चुकलं होतं माझं सूत्र. ते सरळ, एकसारख्या नळीचं. गळा ओलांडल्यावर पाणी भोवरे घेतं, मागे वळतं, तिथे दाब वाया जातो, हे मी धरलंच नव्हतं. ते धरलं आणि आकडे जुळले. परीक्षकांना नेमका तोच भाग आवडला. पदवी मिळाली, सत्कार झाला, आणि मी निर्लज्जासारखा हार घालून घेतला.

सहा वर्षांनी त्याच्या दुकानात गेलो. शाळेचं एकही काम तिथे दिसत नव्हतं. मी वाकून हळूच म्हणालो, "जरा मागच्या खोलीत बोलायचं का?"

तो जागचा हलला नाही. "काहून? बोलले तं इथंच होते ना, रस्त्यावर? नळी बराबर होती हे मले माहीत हाय. या लोकायले सांगा."

मला राग आला. हो, माफी मागायला गेलो होतो आणि तरी राग आला! क्षणभर पाय परत फिरले होते. पण शेजारचा तोच दुकानदार तराजू हातात धरून बघत होता. मी रस्त्याकडे तोंड केलं.

"नळी बरोबर होती," मी मोठ्याने म्हणालो. "गणित माझं चुकलं होतं. हे मला सहा वर्षं माहीत आहे. यांची बदनामी मी केली, शाळांची कामं मी तोडली. प्रत्येक शाळेत जाऊन मी हे सांगेन. काका, मला माफ करा."