सहाच्या आतला कोट

स्कॉटलंडमधल्या ॲबरफेल्डी गावात कुणाच्या घरी लग्न निघालं की आधी हॉल मिळतो का बघायचे, मग पाद्री मोकळा आहे का बघायचे, आणि तिसरी काळजी लॉख्लन रँकिन काय म्हणेल याची. लॉख्लन जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. घरात त्याचं फारसं चालत नव्हतं, गावात तर नाहीच. पण किल्टवर, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या चौकड्यांच्या घागऱ्यावर, कोणता कोट घालायचा, या एका बाबतीत त्याने स्वतःला न्यायाधीश नेमून घेतलं होतं. स्वतःच नेमल्यामुळे त्याला काढून टाकायची सोय कुणाकडेच नव्हती.

त्याचा कायदा तसा सोपा. दिवसा ट्वीडचा जाड लोकरी कोट, साधा टाय, कमरेला चामड्याची थैली. तो काळा आखूड ‘प्रिन्स चार्ली’, त्याची चांदीची बटणं, गळ्यातला बो, हे सगळं संध्याकाळी सहानंतर. पण कोट भाड्याने देणारे आता भर दुपारच्या लग्नालाही सरसकट प्रिन्स चार्लीच देतात आणि पोरं खुशाल चढवतात. लॉख्लन चर्चच्या दारात उभा राहून अशांना अडवायचा. “काय रे, कुठल्या हॉटेलात वेटर आहेस?” त्याला टाळायला एक नवरदेव मागच्या दाराने आत गेला, असं गावात अजून सांगतात.

हे वेड बापाकडून आलेलं. बाप टेकडीवरच्या बड्या घरात नोकर होता. दिवसा पाहुण्यांना हरणांच्या मागे डोंगरात फिरवायचा आणि संध्याकाळी त्यांच्यासाठीच दार उघडायला उभा राहायचा. कोण कोणत्या कोटात आत गेला, हे तो घरी येऊन पोराला सांगायचा. त्या घराचा आजचा मालक जीन्स घालून जेवायला बसतो. मालक विसरला, पण चाकराचा पोरगा काही विसरेना.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीचं, शोनाचं, रोरीशी लग्न ठरलं, आणि तेही दुपारी दोनचं.

“बाबा, सगळे प्रिन्स चार्लीत हं,” शोनाने स्वयंपाकघरात चहा ओतता ओतता जाहीर केलं. “रोरी, त्याचे बाबा, त्याचे मित्र, मामा आणि तू. फोटोत सगळे सारखे दिसायला हवेत मला.”

“दोन वाजता?”

“दोन वाजता.”

“मग मी ट्वीडमध्ये येणार.”

“अरे, तू मला हात धरून आत रोरीपर्यंत नेणार आहेस. सगळ्यांचं लक्ष तुझ्याकडेच असणार.”

“म्हणूनच म्हणतोय.”

त्याची बायको एल्स्पेथ बटाटे सोलत होती. “लोकांची पोरं रडवून झाली, आता घरची तेवढी राहिली होती,” ती म्हणाली. “माझ्या भावाला सांगितलं तर तो पोरीसाठी पोतं गुंडाळूनसुद्धा येईल.”

“कोण, डूगल? तो तर सकाळच्या अंत्ययात्रेला बो लावून आला होता!”

“आला होता ना? तू त्याच्या बोकडेच बघत बसलास. गेलं कोण होतं, आठवतंय का तरी?”

लॉख्लनला खरंच आठवेना.

शोनाने किटली खाली ठेवली. “तो कोट घालणार नसशील, तर मी मामाचा हात धरून जाते.”

“जा,” लॉख्लन म्हणाला. त्याला वाटलं, दोन दिवसांत पोरगी नमेल. तिला वाटलं, बाप नमेल. पण बोलून चालून ती त्याचीच मुलगी.

लग्नाच्या दिवशी लॉख्लन पहिल्या बाकावर बसला होता. अंगावर ट्वीडचा कोट, त्यात खोट काढायला जागा नाही. बॅगपाइप सुरू झाला आणि ताडमाड डूगल शोनाला घेऊन आत आला. त्याची कॉलर वाकडी होती. ती सरळ करायला लॉख्लनचे हात शिवशिवले, आणि मग एकाएकी त्याला कॉलर दिसेनाशी झाली, कारण डोळे भरून आले. शोना शेजारून गेली. तिने मान वळवली नाही. नियम आपण पाळला आणि मुलगी दुसऱ्याने नेली, एवढं त्याला तिथे लख्ख कळलं.

बाहेर काळ्या कोटांची रांग लागली. फोटोवाला लॉख्लनला म्हणाला, “काका, जरा बाजूला होता का? आधी घरच्यांचा घेतो.” एल्स्पेथने त्या फोटोवाल्याला असं काही झापलं की लॉख्लनला रांगेत जागा मिळाली, पण कडेची.

जेवणं झाली. सहाचे ठोके पडले तसा लॉख्लन मुकाट्याने उठला आणि घरी गेला. कपाटातून प्रिन्स चार्ली काढला, बटणं चोळून चकचकीत केली, बो तीनदा बांधला. आता पोरीची इच्छाही पुरी होत होती आणि नियमही मोडत नव्हता. एवढ्या खुशीत तो हॉलवर परतला.

आत नाच रंगला होता. अकॉर्डियन, घाम, आरडाओरडा. आणि पुरुषांचे झाडून सगळे कोट खुर्च्यांच्या पाठींवर. डूगलचा बोसुद्धा खिशात गेला होता. पूर्ण पोशाखातला माणूस हॉलमध्ये एकच, आणि तो दारात उभा.

शोना नाचता नाचता थांबली आणि त्याच्याजवळ आली.

“आत्ता घातलास?”

“सहा वाजून गेले,” तो म्हणाला.

“फोटोवाला गेला, बाबा.”

“मला फोटो नको होता गं,” तो म्हणाला. “तुला आत न्यायचं होतं. चुकलं माझं. फार चुकलं.”

शोनाने त्याच्याकडे पाहिलं, नाक पुसलं आणि आपला हात त्याच्या हातात अडकवला. “मग ने की. तो बघ, रोरी तिकडे उभा आहे.”

दोघं निघाले. काय वाजवावं हे न सुचून अकॉर्डियनवाला थांबला. नाचणारे बाजूला सरले. कुणीतरी फिदीफिदी हसलं, एल्स्पेथने वळून पाहिल्यावर गप्प झालं. लॉख्लन इतका सावकाश चालत होता की एवढासा हॉल संपेना.

पलीकडे रोरीने हातातला ग्लास खाली ठेवला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, शर्ट एका बाजूने बाहेर. लॉख्लन त्याच्यासमोर थांबला, पण मुलीचा हात सोडेना.

“काय झालं, बाबा?” शोनाने विचारलं.

“कोट घाल, पोरा,” लॉख्लन रोरीला म्हणाला.

रोरीने हाताला लागला तो कोट ओढला आणि चढवला. तो डूगलचा निघाला. बाह्या बोटांच्याही खाली लोंबू लागल्या. लॉख्लनने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्या बाहीत जावयाचा हात शोधला आणि मुलीचा हात त्यात ठेवला.